गुरुवारी वाजलेलं कार्ड

"उलटं धर की गं! नाव वाचायचं नाही, किती वेळा सांगायचं?"

रंभाने दटावलं तशी योगिनीने हातातलं कार्ड पालथं केलं आणि ओढणीखाली झाकलं. चिखलीच्या बसथांब्यावर नुकतं तांबडं फुटत होतं. पलीकडच्या वर्कशॉपांची शटरं अजून खाली होती, टपरीवाल्याने चहाचं आधण ठेवलं होतं, आणि या सात-आठ बायका स्वेटरच्या बाह्या वर सारून श्रीखंडाच्या एका रिकाम्या डब्यात आळीपाळीने हात घालत होत्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कसला तरी प्रसाद वाटतायत.

डब्यात बसची कार्डं होती. जिच्या हाताला जे लागेल ते तिचं, त्या दिवसापुरतं. यशोदाबाईंच्या नावाचं कार्ड योगिनीकडे जायचं, योगिनीचं पद्माकडे, पद्माचं आणखी कुणाकडे. बसमध्ये चढताना ते मशीनला टेकवायचं, टिंग वाजलं की आत सरकायचं. उतरताना पुन्हा टेकवायचं. दुसऱ्या दिवशी सगळी कार्डं परत डब्यात, वर झाकण, दोन-चार झटके, आणि पुन्हा हात आत.

"आपलंच कार्ड आपल्याला आलं तर?" पद्माने पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"मग त्या दिवशी तूच तू," योगिनी म्हणाली होती. "एक दिवस खरं वागायचं, दुसरं काय."

हे खूळ रंभाच्या डोक्यातलं. खरं तर रंभा खुळं काढणारी बाई नव्हतीच. केजकडची पोर, लग्न होऊन ज्योतीरामच्या मागोमाग चिखलीत आली आणि तेव्हापासून नुसती राबत राहिली. ज्योतीराम फाउंड्रीत होता तोवर बरं चाललं. मग त्याची पाठ गेली आणि तो पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागला. तिथं खुर्ची होती, रात्रपाळी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम होता. रंभा चाकणला. गाड्यांच्या वायरी जिथं बांधतात त्या कंपनीत, पण कंपनीची नव्हे. साहेबराव ठेकेदाराची माणूस. लांबलचक फळीसमोर उभं राहायचं, रंगारंगाच्या वायरी खुंट्यांत बसवायच्या आणि काळी टेप गुंडाळत जायचं. संध्याकाळी भाकरी थापायला बसली तरी बोटं आपली टेपच गुंडाळल्यासारखी फिरायची. नवरा कामाला निघताना बायको कामावरून येणार. दोघांचा संसार उंबऱ्यावरच चाललेला. मधे सई, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. तिची फी रंभाच्या पगारातून जायची. घरात या एका गोष्टीवर कुणी वाद घालत नसे.

आधी ठेकेदाराची स्वतःची बस होती. खिडक्या न लागणारी, पण दारात यायची. ती बंद झाली आणि एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ठेकेदाराच्या ऑफिसातला क्षितिज पेढ्यांचा बॉक्स आणि कार्डांचा गठ्ठा घेऊन आला. क्षितिज तसा गोड मुलगा. कुरळे केस, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, सगळ्यांना मावशी म्हणणारा.

"आता शहराच्या एसी बसने यायचं, मावशी. तिकीट कंपनी भरणार. तुम्ही फक्त कार्ड टेकवायचं."

"आन् न्हाई टेकवलं तर?" यशोदाबाईंनी विचारलं. यशोदाबाई मूळच्या मोशीच्या जुन्या गावातल्या. कधीकाळी घरची जमीन होती, आता तसल्याच जमिनींवरच्या कंपन्यांत कामाला जायच्या. त्यामुळे कुणालाही काहीही विचारायचा हक्क आपल्याला आहे असं त्या धरूनच चालत.

"नाही टेकवलं तर सिस्टीमच्या मते तुम्ही आलातच नाही."

"म्हंजी आमी हितं उभ्या असलो तरी?"

"तरी," क्षितिज हसून म्हणाला आणि पेढा पुढे केला.

पेढा खाल्ला आणि बायका विसरल्या. बस थंडगार होती, कंडक्टर वसकन अंगावर येत नव्हता, उतरताना टिंग वाजलं की आपण कुणीतरी असल्यासारखं वाटायचं. रुपालीचं होईपर्यंत सगळं गोडच होतं.

रुपाली रंभाच्या शेजारच्या फळीवर उभी राहायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल राहत नव्हतं. थेरगावच्या एका डॉक्टरीणबाईंकडे उपचार चालू होते, आणि कधी नव्हे ते दिवस राहिले. ठेक्यावरच्या बाईला दिवस गेले की तिला 'ब्रेक' देतात, म्हणजे गोड बोलून घरी बसवतात, हे पोटातल्या पोरालाही ठाऊक. म्हणून रुपालीने तोंडातून शब्द काढला नव्हता. रंभाला कळलं होतं ते तिच्या ओकाऱ्यांवरून. आणि एका सकाळी क्षितिजने रुपालीला बोलावून घेतलं.

परत आली तेव्हा ती रडत नव्हती. फळीवरची अर्धी बांधलेली वायरिंग तशीच टाकून पिशवी उचलायला आली होती.

"काय म्हणला गं?" रंभाने टेप न थांबवता विचारलं.

"म्हणे, सारख्या दवाखान्याच्या स्टॉपवर उतरताय, तब्येत नाजूक दिसते, आराम करा." रुपालीने ओठ चावला. "मी माझ्या आईला अजून सांगितलं नाही हो रंभाताई. नवस फेडल्यावर सांगणार होते. आणि त्या क्षितिजला माहीत."

रुपाली गेली. तिच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरी पोरगी उभी होती.

रंभाच्या मनात ते वाक्य टोचत राहिलं. शेवटी एका गुरुवारी, म्हणजे एमआयडीसीच्या सुट्टीला, ती बसच्या मदतखिडकीवर जाऊन उभी राहिली.

"माझं कार्ड कुठं कुठं वाजतं, ते मला बघायचंय."

"ॲप आहे ना मावशी," खिडकीतला माणूस म्हणाला.

"ॲपात मला काहीच दिसत न्हाई. ठेकेदाराला मात्र समदं दिसतं. कामून?"

"कार्ड त्यांच्या खात्यावर आहे. खातं ज्याचं, माहिती त्याची."

"पण पाय मपले हायेत ना?"

माणूस हसला, मग हसू आवरून त्याने चष्मा काढला. "खरं सांगू? असं आजपर्यंत कुणी येऊन विचारलंच नाही. तुम्ही लेखी द्या. मी वर पाठवतो."

रंभाने शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून कागद घेतला आणि लेखी दिलं. तो कागद वर गेला असेल. कुठवर गेला, ते मात्र कुठल्याच मशीनवर वाजलं नाही.

घरी ज्योतीराम बूट घालता घालता म्हणाला, "आपल्याला काय लपवायचंय? सरळ जातो, सरळ येतो."

"काहीच न्हाई लपवायचं."

"मग?"

"मग काय, दार उघडं टाकून आंघोळ करायची का?"

ज्योतीरामने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. तो ड्यूटीला गेला.

डब्याची कल्पना आली ती भिशीवरून. थांब्यावरच्या या बायकांची भिशी रंभाकडे असायची, कारण रंभाच्या पोटात गोष्ट राहते अशी तिची ख्याती. भिशीच्या चिठ्ठ्या याच श्रीखंडाच्या डब्यात. आणि त्यांचा एक जुना दंडक होता: भिशी कुणाला लागली ते घरी कळू द्यायचं नाही. एखादीचा नवरा किंवा सासू विचारायला आली, तर प्रत्येकीने सांगायचं, "मला नाही बाई लागली, दुसरीला लागली." त्या दुसरीला विचारलं तर ती तिसरीचं नाव घेणार. अशी गोल फिरत फिरत माणसं दमून घरी जात. कुणाचं खोटं उघडंही पडत नसे, कारण विचारणारा कधी नेमक्या बाईपर्यंत पोचायचाच नाही.

"तसंच कार्डाचं करायचं," रंभा म्हणाली होती. "सगळ्यांची सगळीकडं वाजू द्या. मंग बसा म्हणावं शोधत."

आणि चाललं की ते. मजेत चाललं. एकदा क्षितिजने यशोदाबाईंना गाठून विचारलं, "तुम्ही हल्ली भोसरीला राहता का? गेल्या आठवड्यात दोनदा तिथे उतरलात."

"व्हय," यशोदाबाई डोळा न लववता म्हणाल्या. "सुनंशी भांडान झालं. भनीकडं ऱ्हाते."

"आणि परवा आकुर्डीला?"

"भनीशी बी झालं."

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये एवढा हशा झाला की ड्रायव्हरने आरशात पाहिलं. योगिनी दुसऱ्या कंपनीत मुलाखत देऊन आली, कुणी माहेरी डोकावून आली, कुणी नुसतीच एक स्टॉप आधी उतरून भाजी घेत घेत चालत गेली. पण असल्या मजेलाही अंगात ताकद लागते. पुढं पुढं डबा हलवायचाही कंटाळा यायला लागला. पहाटे डोळे उघडत नसायचे, त्यात हा एक सोपस्कार. तरी रंभा डबा आणायची. सवय म्हणून, आणि पिशवी उचलून गेलेली रुपाली आठवायची म्हणून.

मग तो निरोप आला. पहिला चहा व्हायच्या आत क्षितिजने रंभाला ऑफिसात बोलावलं.

"बसा मावशी."

रंभा बसली नाही. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या बाईला कुणी खुर्ची दिली, की समजावं काहीतरी बिनसलंय.

"गेल्या गुरुवारी कुठे होतात?"

"गुरुवारी सुट्टी असती."

"तेच विचारतोय. सुट्टीला कुठे होतात?"

"घरी. गोधड्या धुतल्या. वाळत घातल्या. का?"

"तुमचं कार्ड घरी नव्हतं." त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. आडव्या रेघा, बारीक अक्षरं, आणि प्रत्येक ओळीत तिचं नाव. "तुमचं कार्ड कामगार कार्यालयाच्या स्टॉपवर उतरलं. दुपारी तिथूनच परत चढलं. आणि काल साहेबराव शेठना त्या ऑफिसातून फोन आला. कुणीतरी अर्ज टाकलाय, आमचा पीएफ कापतात पण भरत नाहीत म्हणून."

"कुणी टाकला?"

"ते सांगत नाहीत. गुप्त ठेवतात."

रंभाने स्क्रीनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "सरकार नाव सांगंना, म्हणून तुमी कार्डाला विचारता व्हय?"

क्षितिजने खुर्ची मागे रेटली. "मावशी, मला तुमच्याशी भांडायचं नाही. तुम्ही असाल तर तसं सांगा. कार्ड कुणाला दिलं असेल तर तिचं नाव सांगा. दुसऱ्याला कार्ड देणंही नियमात बसत नाही, पण ते मी बघून घेतो. शेठना एक नाव पाहिजे. उद्यापर्यंत."

"आन् न्हाई दिलं तर?"

"तर कार्डावर जे आहे तेच."

रंभा फळीवर आली. लाल वायर निळ्याच्या खुंटीत बसवली, उपसली, पुन्हा बसवली. हिशोब सरळ होता. 'मी होते' म्हणावं तर नोकरी गेली, सईचं वर्ष गेलं. 'दुसरी होती' म्हणावं तर कोण? तिला खरंच माहीत नव्हतं. बुधवारी सकाळी तिचं कार्ड कुणाच्या हाताला लागलं, हे माहीत नसावं म्हणून तर डबा होता. आणि डब्याचं सांगावं, तर थांब्यावरच्या सगळ्याच जणी घरी.

जेवणाच्या सुट्टीत ती बेसिनवर हात धूत होती. टेपचा चिकटा साबणाने जात नाही, राखेने जातो. इथं राख कुठली. पद्मा शेजारी येऊन उभी राहिली. पद्मा तशी मुखदुर्बळ. नवरा गेल्यापासून आणखीच. नळ सोडून तिने हात धुतलेच नाहीत, पाणी नुसतं वाहू दिलं.

"रंभाताई."

"हं."

"गुरुवारचं... मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

रंभाने नळ बंद केला. स्वतःचा, मग पद्माचाही.

"नको सांगू."

"पण ऐका तरी. सुटे नव्हते हो माझ्याकडे, म्हणून मी..."

"पद्मा!" रंभा एवढ्या जोरात म्हणाली की दारातल्या दोघी वळून बघायला लागल्या. तिने आवाज खाली घेतला. "मला उद्या इचारणार हायेत. मला ठाव असलं तर मपल्या तोंडावर दिसंल. मला खोटं बोलता येत न्हाई, लई वाईट बोलते मी खोटं. तेव्हा काय असंल ते तुझ्याजवळ ठेव. जेवलीस का?"

पद्माने मान हलवली. जेवली की नाही, ते त्या मानेवरून कळेना.

"जा, जेव."

संध्याकाळची बस मोशीच्या पुढे सरकेना. पुढे कंटेनर आडवा झाला होता. एसी थंड, काचा बंद, बाहेर हॉर्नचा कालवा. बातमी तोवर सगळ्यांना कळली होती. योगिनी सीटच्या दांडीला धरून उठली.

"आपण सगळ्याजणी जाऊ. उद्याच. सरळ सांगू, कार्डं आम्ही बदलतो, काय करायचं ते करा. सगळ्यांना काढतील का?"

"काडत्याल की," यशोदाबाई म्हणाल्या. "आपल्या जागी उभं ऱ्हायला गेटावर रांग हाय बाई. मी रोज बगते."

"म्हणून रंभाताईंना एकटीला सोडायचं?"

"मी सोडा म्हनले का? तू मला शिकवू नगं, कालची पोर."

"भांडू नका," रंभा म्हणाली. तिचं डोकं काचेला टेकलेलं होतं, ते तिने उचललंही नाही. "मपलं ऐका. मला कुणीबी काय सांगू नका. उद्या सकाळी डबा असंल तसाच असंल. उद्याच बंद केला तर त्या पोराला कळंल की काल काहीतरी चालू होतं. आणि आणखी एक."

पद्मा मागच्या सीटवर पदराची गाठ सोडत-बांधत होती.

"तो अर्ज कुणी टाकला, मला ठाव न्हाई. पण जिनं टाकला असंल तिनं तो मागं घेऊ नये. मपल्यासाठी म्हणून तर अजिबात घेऊ नये. पैसे आपल्या सगळ्यांचेच कापलेत."

कंटेनर बाजूला झाला, बस हलली. यशोदाबाई उतरताना रंभाच्या डोक्यावर नुसता हात ठेवून गेल्या आणि त्यांच्या हातातलं कुणाचं तरी कार्ड टिंग वाजलं.

घरी ज्योतीराम वाट बघत थांबला होता. रंभाने दुपारी सईला फोन केला होता, सईने त्याला सांगितलं होतं.

"नाव सांगून टाक."

"माहीत न्हाई."

"अंदाज तर असेल?"

"अंदाज करायचाच न्हाई, असं ठरवलंय."

तो तिच्याकडे बघत राहिला. "तुझ्या जागी त्यातली दुसरी कुणी असती, तर तिनं असं केलं असतं का गं?"

रंभाने विचार केला. खरोखरच केला; एकेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आणला.

"बहुतेक न्हाई," ती म्हणाली आणि पीठ मळायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी क्षितिजने बसा म्हटलं नाही. त्याचे डोळे लाल होते. टेबलावर रंभाच्या नावाचा कागद टाइप होऊन पडला होता, नुसती सही बाकी.

"काय ठरलं?"

"गुरुवारी मी घरी होते. कार्ड कुणाकडं होतं, मला माहीत न्हाई."

"असं कसं माहीत नाही मावशी? तुमचं कार्ड!"

"माहीत न्हाई. आईची शपथ."

ती शपथ खरी होती आणि क्षितिजला ती खरी वाटली, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यानेच तो जास्त वैतागला. "मला काहीतरी द्या हो! शेठ मला विचारणार. तुम्हाला वाटतं मला हौस आहे? हे बघा," त्याने गळ्यातला पट्टा ओढून दाखवला. "माझंही वाजतं. चहाला गेलो तरी वाजतं. मुतायला गेलो तरी वाजतं, सॉरी. महिन्याच्या शेवटी मलाही कागद देतात, इतकी मिनिटं जागेवर नव्हता म्हणून."

"मंग तुमाला तरी कळायला पाहिजे," रंभा म्हणाली. आवाजात धार नव्हती. धार धरायला जोर लागतो.

क्षितिजने कागद पुढे सरकवला. "तात्पुरता ब्रेक आहे. पुढचं पुढं बघू. इथे सही. आणि कार्ड जमा करा."

रंभाने सही केली. मग पिशवीत हात घातला आणि तो तिथंच थांबला.

पिशवीत कार्ड होतं. पण ते तिचं नव्हतं. सकाळी डब्यातून काढताना तिने नेहमीसारखं पालथं धरलं होतं, बसला लावलं होतं आणि टाकलं होतं. आता पिशवीच्या तोंडाशी बोटांनी ते सुलटं झालं आणि तिला कोपऱ्यातलं नाव दिसलं. पद्मा. हे कार्ड टेबलावर ठेवलं, तर आतापर्यंत ती जे जे बोलली नाही ते सगळं एका दमात बोलून झालं असतं. बाहेर कुठेतरी फोर्कलिफ्ट पीं पीं करत मागे येत होती.

"मावशी?"

"घरी राहिलं."

"काय?"

"कार्ड. घरी राहिलं."

"मग आज आलात कशा?"

"तिकीट काढून."

क्षितिजने एक क्षण तिच्याकडे पाहिलं आणि सवयीनेच माउस हलवला. स्क्रीनवरच्या ओळी वर सरकल्या. सगळ्यांत वरच्या ओळीवर त्याची नजर थांबली. रंभाला इतक्या लांबून ते वाचता येत नव्हतं, पण वाचायची गरजही नव्हती. तिचं कार्ड आज सकाळी चिखलीच्या थांब्यावर वाजलं होतं. कुणाच्या तरी हातात वाजलं होतं, चाकणला उतरलं होतं, आणि आत्ता याच छपराखाली कुठल्या तरी बाईच्या पिशवीत पडलेलं होतं.

तिचा हात पिशवीतच होता. क्षितिजची नजर त्या हातावर आली. मग काचेपलीकडच्या लाइनीवर गेली, जिथे बायका फळ्यांसमोर उभ्या होत्या. यशोदाबाई. योगिनी. मान खाली घातलेली पद्मा. त्याचे ओठ किंचित उघडले. सिस्टीमला महिनोन्महिने न कळलेली गोष्ट त्याला त्या क्षणी कळली, हे रंभाने पाहिलं, आणि आपण ते पाहिलं हेही त्याला कळलं.

फोर्कलिफ्ट थांबली. क्षितिजने स्क्रीन बंद केली.

"उद्या आणून द्या," तो म्हणाला. मग कागदावर शिक्का मारता मारता, मान वर न करता, "गेटवर देऊन जा. मला भेटायची गरज नाही."

"बरं."

"आणि मावशी..." तो अडला. "काही नाही. जा."

तो दिवस भरून संध्याकाळी बसमध्ये रंभाने विचारलं, "मपलं कार्ड कुणाकडंय आज?" तेव्हा पहिल्यांदाच सगळ्यांनी आपापली कार्डं सुलटी केली. ते योगिनीकडे निघालं. योगिनीने दोन्ही हातांनी दिलं, देवळात देतात तसं, आणि मग तिलाच ते विचित्र वाटून ती खिडकीबाहेर बघायला लागली. रंभाने पद्माचं कार्ड पद्माच्या हातात ठेवलं. पद्माचे डोळे भरून आले होते.

"रडू नको," रंभा म्हणाली. "मला काहीच माहीत न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती उशिरा निघाली. घाई कशाची? पिशवीत ठेवायला टेप नव्हती, डबा नव्हता, ॲप्रन नव्हता. चाकणला गेटवर वॉचमनच्या हातात कार्ड दिलं. त्याने नाव वाचलं, खणात टाकलं, "झालं" म्हणाला. आतून लाइनीचा भोंगा ऐकू आला. आत्ता पहिला चहा झाला असणार.

परतीची बस जवळजवळ रिकामी होती. या वेळेला बस अशी असते हे रंभाला माहीतच नव्हतं. ऊन सीटांवर पसरलं होतं. कंडक्टर मशीन घेऊन आला, तिने चिखलीचं तिकीट मागितलं, त्याने नाव न विचारता कागदाचा तुकडा फाडून दिला. सईला काय सांगायचं, फीचं काय करायचं, कुदळवाडीच्या वर्कशॉपात बायका घेतात म्हणे तिथं जाऊन बघायचं का, असे सगळे विचार ओळीने उभे होते. ती पहिल्याला हात घालणार, एवढ्यात डोळे मिटले.

जाग आली ती खांद्याला कुणीतरी हलवलं म्हणून.

"मावशी, ओ मावशी. कुठं उतरायचं होतं? चिखली कधीच गेली."

रंभाने बाहेर पाहिलं. ओळखीचं काहीच नव्हतं. एक मोठा चौक, फुलांच्या झाडांची रांग, एका दुकानापुढे पाणी मारणारा माणूस. आत्ता ती कुठे आहे, हे ज्योतीरामला माहीत नव्हतं, सईला माहीत नव्हतं, साहेबरावला नाही, कुणालाच नाही. तिला भीती वाटायला हवी होती. पण भ्यायचंही त्राण नव्हतं. तिने नुसता एक लांब श्वास सोडला.

"हितंच," ती म्हणाली आणि दांडीला धरून सावकाश खाली उतरली.